चालवणारीच्या मापाची गाडी : गॅलोवे १०/२०चे परीक्षण

माझी उंची पाच फुटांना जेमतेम टेकते. गाडी चालवायला शिकले तेव्हा पहिल्या दिवसापासून पाठीशी एक उशी आणि खाली चौपदरी घडी घातलेली चादर अशी माझी तयारी असे, कारण सीट कितीही पुढे ओढली तरी क्लच तळापर्यंत दाबताना कंबर सरकत असे, आणि कंबर न सरकवता बसावे तर बोनटच्या पलीकडचा रस्ता दिसत नसे. शिकवणारे गृहस्थ भले होते, पण "तुमची उंची कमी पडते, ताई," असे ते रोज म्हणत, आणि पुष्कळ वर्षे मलाही तेच खरे वाटत होते. उंची कमी पडत नाही, सीट चुकते, ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. ती ज्या गाडीमुळे कळली, ती शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला तयार होत होती आणि १९२८ साली बंदही पडली. तिचे नाव गॅलोवे.

गॅलोवेविषयी हल्ली जे लिहिले जाते त्यात ती ‘स्त्रियांनी स्त्रियांसाठी बनवलेली गाडी’ म्हणून येते. हे वर्णन कोणी मागाहून चिकटवलेले नाही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या मोटारविषयक नियतकालिकांतही तिची ओळख अशीच करून दिली जात होती. पण या वर्णनाने एक अडचण होते. कारखान्याचे कौतुक होते, तो चालवणाऱ्या डोरोथी पुलिंजर यांचे कौतुक होते, आणि ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप झाला ती वस्तू, म्हणजे चार सिलिंडरांची एक लहान गाडी, बाजूला उभी राहते. म्हणून येथे मी गॅलोवेकडे गाडी म्हणून पाहणार आहे. ती कशी बेतली होती, कोणत्या बाबतीत खरोखर चांगली होती, कोठे कमी पडली, आणि त्या काळी कोणी सल्ला विचारला असता तर ती घ्या असे मी सांगितले असते का, एवढेच प्रश्न माझ्यापुढे आहेत.

आधी तिचे घराणे सांगायला हवे, कारण त्यावाचून गाडी कळत नाही. गॅलोवे स्वतंत्र नावाने विकली जात असली तरी ती अ‍ॅरोल-जॉन्स्टन या जुन्या स्कॉटिश कंपनीचे अपत्य होती. जॉर्ज जॉन्स्टन या अभियंत्याने १८९५च्या सुमारास ही कंपनी उभी केली आणि फोर्थच्या खाडीवरचा प्रचंड रेल्वे पूल बांधणारे सर विल्यम अ‍ॅरोल तिच्या पाठीशी उभे राहिले. १९०५ सालची पहिली टुरिस्ट ट्रॉफी शर्यत याच कंपनीच्या गाडीने जिंकली, आणि शॅकल्टन यांची मोहीम १९०७ साली अंटार्क्टिकाकडे निघाली तेव्हा तिच्याबरोबर जहाजावर चढवलेली मोटारही हिचीच होती. १९०९ साली टॉमस चार्ल्स पुलिंजर हे तिचे व्यवस्थापक झाले. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमधल्या नामांकित कारखान्यांत हात कसलेला हा माणूस होता. त्यांच्याच कारकिर्दीत, १९१३ साली, कंपनी डमफ्रीस शहराजवळच्या हीथहॉल येथे काँक्रीटच्या नव्या, भरपूर खिडक्यांच्या इमारतीत गेली. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी तयार झालेल्या बी.एच.पी. या २३० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या नावातले शेवटचे अक्षर पुलिंजर यांचे. पहिले उद्योगपती विल्यम बिअर्डमोर यांचे आणि मधले तरुण अभियंता फ्रँक हॅलफर्ड यांचे.

या इंजिनाच्या कामासाठी हीथहॉल अपुरे पडू लागले, आणि युद्ध चालू असतानाच कर्कूब्री या गावाजवळ, डी नदीच्या काठी, टंगलंड येथे दुसरा कारखाना बांधला गेला. (कर्कूब्रीचे इंग्रजी स्पेलिंग पाहून परक्या माणसाला हा उच्चार सात जन्मांत सुचणार नाही, तेथील लोक मात्र असाच करतात.) पुरुष आघाडीवर गेलेले असल्यामुळे टंगलंडचा कारखाना पहिल्यापासून स्त्रियांना कामाला घेण्याच्या हिशेबाने उभा राहिला. पण दारूगोळ्याच्या कारखान्यांत जसे एका मुलीला एकच दट्ट्या ओढायला शिकवून दिवसभर तेवढेच करायला लावत, तसे येथे नव्हते. येथे रीतसर उमेदवारी होती. मुलींनी लेथ, ड्रॉइंग, जुळणी असे सगळे शिकायचे, आणि एरवी पाच वर्षांची असणारी उमेदवारी तीन वर्षांत पुरी करायची. इमारतीच्या सपाट छपरावर टेनिसची दोन मैदाने होती. मला या मैदानांपेक्षा त्या तीन वर्षांचे अप्रूप अधिक वाटते. उमेदवारीचे कागद हातात असणे म्हणजे युद्ध संपल्यावरही आपला हात कामाचा आहे असे ठामपणे सांगता येणे, आणि त्या काळी हेच स्त्रियांना सर्वांत अवघड होते.

युद्ध संपले आणि हीच अडचण समोर उभी राहिली. १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने युद्धपूर्व कामाच्या पद्धती पुन्हा लागू करणारा कायदा केला, आणि यंत्रशाळांतून लाखो स्त्रियांना घरी जावे लागले. विमानांच्या इंजिनांची मागणीही संपली होती. टंगलंडला कुलूप लावणे हाच हिशेबी मार्ग होता. तो घेतला गेला नाही, कारण टॉमस पुलिंजर यांच्या थोरल्या मुलीने वडिलांना हा कारखाना चालू ठेवून त्यात लहान मोटार तयार करण्याचे पटवले.

डोरोथी पुलिंजर यांचा जन्म १८९४ साली फ्रान्समध्ये झाला. १९१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या अ‍ॅरोल-जॉन्स्टनच्या तेव्हाच्या, पेझ्ली गावातल्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसल्या. १९१४ साली त्यांनी मोटार अभियंत्यांच्या संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की नियमांतील ‘व्यक्ती’ या शब्दाचा अर्थ पुरुष असा आहे, स्त्री असा नाही. युद्धकाळात त्या बॅरो-इन-फर्नेस येथे व्हिकर्स कंपनीच्या तोफगोळ्यांच्या कामावर होत्या आणि सुमारे सात हजार स्त्रियांवर देखरेख करीत होत्या. या कामाबद्दल १९२० साली त्यांना एम.बी.ई. हा किताब मिळाला, आणि ज्या संस्थेने शब्दकोश दाखवून परत पाठवले होते तिनेही पुढे त्यांना सभासद करून घेतले. १९१९ साली स्थापन झालेल्या स्त्री अभियंत्यांच्या सोसायटीच्या संस्थापक सभासदांत त्या होत्या. सात हजार बायकांना रोज यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या पाहिल्यावर यंत्राची उंची आणि माणसाची उंची यांचा मेळ बसला नाही की काय होते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज उरली नसावी, असे मला नेहमी वाटते.

आता गाडी.

गॅलोवेचे पहिले आणि मुख्य मॉडेल १०/२०. या आकड्यांचा अर्थ आजच्या वाचकाला सांगितला पाहिजे. पहिला आकडा कराचा आणि दुसरा खऱ्या ताकदीचा. १ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसू लागला. पण ही अश्वशक्ती इंजिन तपासून नव्हे, तर सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांच्या सूत्रावरून ठरे. पिस्टन किती लांब धावतो याचा त्या सूत्राशी संबंधच नव्हता. परिणामी ब्रिटिश कारखानदार अरुंद आणि उंच सिलिंडरांची इंजिने करू लागले, म्हणजे कागदावर ताकद कमी आणि रस्त्यावर जास्त. गॅलोवेला सरकार सुमारे दहा अश्वशक्तीची मानत होते आणि ती प्रत्यक्षात सुमारे वीस देत होती. तुलनेसाठी सांगायचे तर फोर्डच्या टी मॉडेलवर याच हिशेबाने वर्षाला २३ पौंड कर पडे. म्हणजे स्वतःच्या मिळकतीतून गाडी ठेवणाऱ्या डॉक्टरीणबाईंसाठी किंवा शिक्षिकेसाठी गॅलोवेचा वर्ग अगदी योग्य निवडलेला होता.

तिचे यंत्र मात्र नवे नव्हते. गॅलोवेची रचना इटलीच्या फियाट ५०१ वरून बेतलेली होती. कार्लो कावाल्ली यांनी आखलेली ही १९१९ सालची गाडी दीड लिटरच्या आतबाहेरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची, साधी, मजबूत आणि फारशी कुरकुर न करणारी म्हणून युरोपभर खपत होती. काही जण गॅलोवेला या कारणासाठी नक्कल म्हणून बाजूला सारतात. मला हा आक्षेप पटत नाही. मोटार तयार करण्याचा अनुभव नसलेला, विमानाच्या इंजिनांवर वाढलेला एक कारखाना जेव्हा पहिली गाडी काढतो, तेव्हा इंजिनात स्वतःची करामत दाखवण्यापेक्षा खात्रीचा नमुना घेऊन तो नीट घडवणे यात शहाणपण आहे. त्या दशकात ब्रिटनमध्ये किती तरी लहान कंपन्या स्वतःच्या अजब यंत्ररचनांच्या नादाने दोनतीन वर्षांत बुडाल्या. गॅलोवेने आपली सगळी बुद्धी यंत्राच्या ऐवजी यंत्र आणि माणूस जेथे भेटतात त्या जागेवर खर्च केली, आणि माझ्या मते हीच तिची खरी कामगिरी.

ती जागा म्हणजे चालकाची बैठक. हे नीट समजण्यासाठी त्या काळच्या एखाद्या सर्वसाधारण ब्रिटिश गाडीत चढून पाहावे लागेल. चालकाची जागा उजवीकडे. पण उजव्या बाजूने आत जावे तर तेथे गिअरचा दांडा आणि हातब्रेक वाट अडवून उभे, कित्येक गाड्यांत तर ते दोन्ही बाहेरच्या अंगाला लावलेले. काहींच्या त्या बाजूला सुटे चाक बांधलेले आणि दारच नाही. मग डाव्या दाराने आत शिरायचे आणि सीटवरून सरकत सरकत उजवीकडे जायचे. घोट्यापर्यंतचा स्कर्ट आणि वर जाड कोट असताना हे करून पाहावे, म्हणजे ‘बायकांना गाडी जमत नाही’ या वाक्याचा उगम कोठे आहे ते दिसते. बसल्यावर सीट खोलगट आणि मागे रेललेली, डॅशबोर्ड छातीशी आलेला, आणि स्टिअरिंगचे चाक एवढे मोठे की बुटक्या माणसाला रस्ता त्याच्या वरून नव्हे तर त्याच्या आऱ्यांमधून पाहावा लागे.

गॅलोवेत गिअरचा दांडा मधोमध आला. उजवी बाजू मोकळी झाली. सीट उंच उचलली, डॅशबोर्ड खाली घेतला, स्टिअरिंगचे चाक लहान केले आणि सामान ठेवायला जास्त जागा दिली. यांतला एकही बदल शोध म्हणून पेटंट घेण्यासारखा नाही, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. कारण तो करायला नवे तंत्र नव्हे, फक्त दुसऱ्याच्या अंगाने विचार करण्याची तयारी लागते.

यांतल्या सीटविषयी थोडे अधिक सांगायला हवे. त्या काळी गिअर एकमेकांत अलगद बसवणारी सिंक्रोमेश यंत्रणा आलेली नव्हती. ती अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत १९२८ साली आली. म्हणजे गिअर बदलताना क्लच एकदा नव्हे, दोनदा दाबावा लागे. क्लच दाबून गिअर सुटा करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून नवा गिअर टाकायचा, आणि हे सगळे दात कचकचू न देता. चढावर हे मिनिटाला दोनचारदा. आता ज्या चालकाचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोहोचायला कंबर इंचभर पुढे सरकवावी लागते, ती प्रत्येक गिअरला दोनदा सरकणार, आणि सरकताना तिची नजर रस्त्यावरून खाली जाणार. तिचे गिअर कचकचले तर दोष तिच्या हाताला लागणार. सीट नीट असेल तर हीच बाई हेच काम बिनबोभाट करील. पायाच्या अंतराचा हा इंचभराचा हिशेब स्वतः सोसल्याशिवाय मांडता येत नाही असे मी म्हणणार नाही, पण ज्यांनी सोसला आहे त्यांना तो आधी सुचतो हे खरे.

लहान स्टिअरिंगबद्दल माझे मत इतके एकतर्फी नाही. चाक मोठे असण्याला कारण होते: पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीची पुढची चाके उभ्या जागी वळवायला तरफ लांब असलेली बरी. चाक लहान केले की दृष्टी मोकळी होते, कोपरे अंगाजवळ राहतात, पण गाडी अरुंद जागेत फिरवताना दंडाला जोर अधिक लावावा लागतो. गॅलोवे लहान आणि तुलनेने हलकी असल्यामुळे हा सौदा परवडत होता. एखाद्या मोठ्या, जड गाडीवर हेच चाक लावले असते तर ते गिऱ्हाइकावर उपकाराऐवजी शिक्षा ठरले असते. म्हणजे हे बदल सुटे सुटे उचलून दुसऱ्या गाडीवर डकवण्यासारखे नव्हते. गाडीचा आकार, वजन आणि बैठक यांचा एकत्र विचार झालेला होता.

आणि आरसा. मागचा रस्ता दाखवणारा आरसा गाडीबरोबरच मिळावा, वेगळे पैसे देऊन बसवून घ्यावा लागू नये, असे ज्या अगदी पहिल्या गाड्यांनी ठरवले त्यांत गॅलोवे होती. आज आरशाशिवाय गाडी ही कल्पनाच करवत नाही. पण तेव्हाचा चालक मागचे पाहण्यासाठी मान वळवत असे किंवा शेजारच्याला विचारत असे. एकटीने गाडी चालवणारी स्त्री, जिच्या शेजारी विचारायला कोणी नाही, ती या गाडीची कल्पिलेली चालक होती, हे या छोट्याशा काचेवरून मला जितके स्पष्ट दिसते तितके जाहिरातीतल्या कोणत्याही शब्दावरून दिसत नाही.

गाडी नुसती सोयीची होती आणि दमाची नव्हती, अशी शंका कोणाला आली तर तिचे उत्तर डोरोथी पुलिंजर यांनी स्वतः दिले. १९२४ साली स्कॉटिश सहा दिवसांच्या मोटार चाचणीत त्यांनी गॅलोवे चालवली आणि जिंकली. असल्या चाचण्यांत सपाट रस्त्यावरचा वेग पाहत नाहीत. डोंगराळ भागातले घाट, ओले चढ, दगडगोटे आणि दिवसामागून दिवस तीच गाडी, तोच चालक, हे पाहतात. वर सांगितलेला दुहेरी क्लच सहा दिवस मारायचा असेल तर बैठक किती महत्त्वाची, हे वेगळे सांगायला नको.

उणिवांकडे वळताना पहिली उणीव गाडीची नाही, तिच्या ओळखीची आहे, आणि ती मला मनापासून खटकते. ‘स्त्रियांसाठी’ या एका शब्दाने गॅलोवेने अर्ध्या गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवले. उंच सीट, मधला गिअर, मोकळे दार आणि आरसा यांची गरज बुटक्या पुरुषाला नव्हती का? म्हाताऱ्या माणसाला नव्हती का? युद्धातून पाय किंवा खांदा दुखावून परतलेल्या हजारो तरुणांना नव्हती का? ही सगळ्यांसाठी चांगली गाडी होती, आणि स्त्रियांचा विचार केल्यामुळे ती सगळ्यांसाठी चांगली झाली होती. युद्धात रुग्णवाहिका आणि लॉऱ्या चालवलेल्या स्त्रियांची नवी पिढी तयार झाली होती हे खरे, पण स्वतःच्या नावावर गाडी घेऊ शकणाऱ्या त्यांच्यातल्या किती? मतदानाचा हक्कसुद्धा १९१८ साली तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मिळाला होता. पुरुषांच्या बरोबरीने तो मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. बहुतेक घरांत पैसा पुरुषाच्या हाती होता, आणि त्याच पुरुषाला ही गाडी तुमची नव्हे असे सांगितले जात होते. मी विक्रीच्या खात्यात असते तर हे वाक्य छापू दिले नसते, आणि सीट मात्र एक इंचानेही खाली आणू दिली नसती.

दुसरी उणीव किमतीच्या बाजाराची, आणि तिच्यापुढे गाडीचा चांगुलपणा निरुपाय होता. १९२०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये युद्धोत्तर तेजी ओसरून कडक मंदी आली. गाड्या विकल्या जाईनात. अशा वेळी फेब्रुवारी १९२१ मध्ये इंग्लंडमधले मोटार कारखानदार विल्यम मॉरिस यांनी चार माणसांच्या काउली गाडीची किंमत ५२५ पौंडांवरून एकदम ४२५ पौंडांवर आणली. लोकांना वाटले हा माणूस बुडणार. उलट त्यांचा खप इतका वाढला की किमती पुन्हा पुन्हा उतरवता आल्या आणि काही वर्षांत तीच गाडी दोनशे पौंडांच्या खाली मिळू लागली. १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही आणखी लहान, स्वस्त गाडी आली आणि खालच्या बाजूनेही वाट बंद झाली. १९२५ या एका वर्षात मॉरिस यांनी पन्नास हजारांहून अधिक गाड्या काढल्या. गॅलोवे तिच्या सगळ्या आयुष्यात मिळून सुमारे चार हजार निघाल्या.

मॉरिस यांना इंजिने, धुरा, रेडिएटर आसपासच्या औद्योगिक शहरांतून घाऊक भावाने मिळत. टंगलंड हे गाव गायीगुरांच्या कुरणांत, इंग्लंडच्या मोटार उद्योगापासून शेकडो किलोमीटर दूर. चार हजार गाड्यांत विभागलेला साचे, हत्यारे आणि यंत्रांचा खर्च पन्नास हजार गाड्यांत विभागलेल्या खर्चाशी कसा टक्कर देणार? टंगलंडच्या कामगार मुलींच्या कौशल्यात कमतरता होती म्हणून गॅलोवे हरली असे सुचवणारे कोणी भेटले, तर त्यांच्यापुढे हा भागाकार ठेवावा.

१९२३ साली टंगलंडचे काम थांबले आणि गॅलोवेची निर्मिती सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरच्या हीथहॉलला हलली. गाडीचे नाव राहिले, पुढे बारा अश्वशक्तीच्या वर्गातले थोडे मोठे मॉडेलही आले, पण छपरावर टेनिसची मैदाने असलेला आणि मुलींना तीन वर्षांत कारागीर करणारा कारखाना राहिला नाही. परीक्षक म्हणून मला येथे एक रेघ ओढावीशी वाटते: टंगलंडची गॅलोवे ही एका निश्चित चालकासाठी केलेली गाडी होती, हीथहॉलची गॅलोवे ही मोठ्या कंपनीच्या यादीतली लहान गाडी होती. चांगली, पण यादीतली. १९२७ साली अ‍ॅरोल-जॉन्स्टन इंग्लंडच्या अ‍ॅस्टर कंपनीत मिसळली, १९२८ साली गॅलोवे हे नाव संपले, आणि १९२९ साली माल्कम कॅम्बेल यांच्या ब्लू बर्ड या वेगाच्या विक्रमासाठीच्या गाडीला हीथहॉलमध्ये नवे रूप दिल्यानंतर थोड्याच काळात ती जोडकंपनीही मिटली.

डोरोथी पुलिंजर त्याआधीच मोटारींच्या धंद्यातून बाहेर पडल्या होत्या. पुरुषाची नोकरी अडवून बसली आहे, ही कुजबुज त्यांच्या पाठीमागे सतत होती. त्यांनी लंडनजवळ क्रॉयडन येथे वाफेवर चालणारी मोठी लाँड्री काढली आणि ती उत्तम चालवली. कपडे धुण्यावर कोणा पुरुषाने हक्क सांगितला नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र सरकारला आणि उद्योगांना पुन्हा त्यांची आठवण झाली, आणि नफील्ड यांच्या तेरा कारखान्यांत स्त्री कामगारांची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. नफील्ड म्हणजे तेच विल्यम मॉरिस, ज्यांच्या स्वस्त गाडीने गॅलोवेचा बाजार गिळला होता. त्यांना दरम्यान ही उमराव पदवी मिळाली होती. १९८६ साली, ९२ वर्षांच्या होऊन, त्या गेल्या.

तर, गाडी घ्यावी की न घ्यावी. १९२१ साली कोणी मला विचारले असते तर, पैशाची ओढाताण नसेल आणि गाडी स्वतः चालवायची असेल तर निःशंक घ्या, असेच मी सांगितले असते, मग विचारणारी बाई असो की बाप्या. १९२५ साली ज्याच्याकडे दोनशेच पौंड आहेत त्याला मॉरिसकडे पाठवले असते, आणि सोबत एक उशी न्यायला सांगितले असते. पण १९२५ सालीही पैसे हाताशी असलेल्या आणि रोज एकटीने लांबचा रस्ता कापणाऱ्या बाईला मी उशीवर समाधान मानू दिले नसते.

जतन केलेली एक गॅलोवे ग्लासगोच्या रिव्हरसाइड म्युझियमच्या संग्रहात आहे. पाहण्याचा योग आला तर सगळेच बोनटकडे आधी वळतात तसे वळू नये, कारण तेथे नवे फारसे काही नाही. चालकाच्या बाजूने, उजवीकडून पाहावे: दाराच्या वाटेत काही उभे नाही ना, सीटची कड किती उंचावर आहे, आणि तेथून क्लचपर्यंत आपला पाय कंबर न हलवता पोहोचला असता का, याचा नजरेनेच अंदाज घ्यावा.